दाढीवाल्या सरड्याचा कंप : त्याची कारणे आणि वाशीमचे ऊन

सरपटणारा प्राणी थरथरू लागला की त्यास थंडी वाजत असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. माणूस थंडीने कुडकुडतो, कुत्रे कुडकुडते, नुकतेच जन्मलेले वासरूही कुडकुडते. तेव्हा हा समज स्वाभाविक आहे. परंतु सरड्याच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो, आणि ह्या चुकीत गेलेले दिवस प्राण्याच्या जिवावर बेततात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतून बिअर्डेड ड्रॅगन ह्या नावाने विकला जाणारा ऑस्ट्रेलियन सरडा हौसेने पाळला जाऊ लागला आहे. त्याच्या अंगास सुटणाऱ्या कंपाची कारणे कोणती, ती एकमेकांपासून वेगळी कशी ओळखावीत आणि वाशीमसारख्या उन्हाळी जिल्ह्यात त्यांचे स्वरूप कसे बदलते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या प्राण्याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स असे आहे. ‘पोगोन’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ दाढी. गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून ती काळी करण्याची त्याची सवय पाहूनच हे नाव पडले; मराठीत त्यास दाढीवाला सरडा म्हणावयास हरकत नाही. तो मध्य व पूर्व ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील शुष्क झुडपी प्रदेशाचा रहिवासी असून पूर्ण वाढल्यावर शेपटीसह दीड ते दोन फूट लांब होतो. वाशीमच्या शेतांच्या धुऱ्यांवर, बाभळीच्या कुंपणावर मान उंचावून बसलेला आणि वैशाखात ज्याच्या गळ्यावर लाली चढते तो आपल्याकडचा सामान्य सरडा ह्याच ॲगॅमिडी कुलातील आहे. म्हणजे हा पाहुणा दूरचा असला तरी नात्यातला आहे. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपूर्वीच बंद केली. त्यामुळे आज जगभर विकले जाणारे हे सरडे त्यापूर्वी बाहेर गेलेल्या प्राण्यांची पिंजऱ्यात वाढलेली संतती होत. ह्या वंशपरंपरेबरोबर त्यांना पाळण्याची एक विशिष्ट पद्धतही जगभर पसरली. ती म्हणजे काचेची पेटी आणि तीत टांगलेले दिवे. ह्या पद्धतीकडे पुढे वळावयाचे आहेच.

प्रथम थंडीचा प्रश्न. कुडकुडणे ही सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची उष्णता उत्पन्न करण्याची युक्ती आहे. स्नायू झपाट्याने आखडतात व सैल होतात, त्यांतून उष्णता निघते, आणि केस, पिसे किंवा त्वचेखालची चरबी ती उष्णता अंगात धरून ठेवते. सरडा हा अनियततापी प्राणी आहे. त्याच्या अंगावर ना केस ना पिसे. स्नायू आखडून उष्णता निर्माण केली तरी ती क्षणात निघून जाईल. म्हणून निसर्गाने त्याला ती युक्ती दिलेलीच नाही. तो उष्णता बाहेरून घेतो, उन्हात जाऊन बसतो, तापला की सावलीस सरकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत ह्यास एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि तोही भारतीय. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते तेव्हा तिचे स्नायू ठराविक अंतराने आखडत राहतात, आणि त्या उष्णतेने ती अंडी उबवते. सरड्यात असे काही आढळत नाही. थंडीने सरडा थरथरत नाही. तो मंदावतो, काळवंडतो, खाणे सोडतो व शेवटी ताठरल्यासारखा पडून राहतो.

पौष महिन्यात वाशीम, मालेगाव, मंगरूळपीर ह्या पठारी भागात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री सरड्याच्या पायाची बोटे फडफडताना दिसली, तर मालक त्यास लोकरीच्या कपड्यात गुंडाळील. लोकर उष्णता धरून ठेवते, निर्माण करीत नाही. ज्या प्राण्याजवळ स्वतःची उष्णता नाही त्यास लोकरीचा उपयोग काय? प्राणी थंडच राहतो, आणि मालकाचे मात्र समाधान होते की उपचार झाला. त्या समाधानात खरे कारण झाकले जाते.

आता काही हालचाली कंपासारख्या दिसूनही निर्दोष असतात, त्या आधी बाजूस काढल्या पाहिजेत. दुसरा नर दिसला, किंवा काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले, की नर मान वरखाली झपाट्याने झटकतो. कुंपणावरचा आपला सरडाही हेच करतो आणि पोरे त्यास ‘मान डोलावतो’ म्हणून दगड मारतात, ही फार जुनी व वाईट खोड आहे. दुबळा प्राणी बलवानासमोर पुढचा एक पाय उचलून सावकाश वर्तुळाकार हलवितो. ती शरणागतीची खूण होय. सरडगुहिरा पाऊल टाकण्यापूर्वी सर्व अंगानिशी पुढेमागे झुलतो, तो तर वाऱ्यावर हलणाऱ्या पानाचा आव असतो असे मानतात. झोपेतील हालचालीही अशाच निर्दोष. इ. स. २०१६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ह्याच दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवून दाखविले की, त्याच्या झोपेत शांत निद्रा आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा अशा दोन अवस्था सुमारे ८० सेकंदांच्या फेऱ्यांनी आळीपाळीने येतात. माणसात अशी फेरी सुमारे दीड तासाची असते. तेव्हा निजलेल्या सरड्याच्या मिटल्या पापणीखाली बुबुळ हलताना दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ह्या सर्व हालचालींचे सामान्य लक्षण असे की त्यांना प्रसंग असतो, त्या थांबतात, आणि नंतर प्राणी नेहमीसारखा खातो-चालतो. प्रसंगावाचून येणारा, बोटांपासून सुरू होऊन पायांत चढणारा, प्राण्यास उचलून धरले तरी हातास जाणवणारा कंप मात्र वेगळा.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या कंपाचे सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे रक्तातील कॅल्शियमची उणीव. वऱ्हाडातील शेतकऱ्यास हा विकार अगदी अपरिचित नाही. फक्त त्याने तो गोठ्यात पाहिलेला असतो. भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर एकदोन दिवसांत थरथरू लागते, लडखडते, खाली बसते, मान कुशीकडे वळवते आणि तिचे कान गार पडतात. ह्यास दुग्धज्वर म्हणतात, यद्यपि त्यात ज्वर नसतोच. चिकात एकाएकी इतके कॅल्शियम निघून जाते की रक्तात ते पुरेसे उरत नाही. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतो आणि जनावर बहुधा थोड्या वेळात उठून उभे राहते.

कॅल्शियम हाडांकरिता लागते एवढे सर्वांस ठाऊक असते. पण मज्जातंतूंस आवर घालण्याचे कामही तेच करते, हे तितकेसे ठाऊक नसते. मज्जातंतूच्या आवरणाबाहेरील द्रवात कॅल्शियमचे आयन पुरेसे असले म्हणजे तंतू किरकोळ कारणाने उद्दीपित होत नाही. ते कमी पडले की त्याचा उंबरठा खाली येतो, कोणताही आदेश नसता तो आपोआप संदेश सोडू लागतो, आणि त्याच्या टोकाचा स्नायू फडफडतो. बोटे, मग पाय, मग जबडा. शेवटी सर्व शरीर ताठून आकडी येते. म्हणजे कंप हा दुर्बलतेचा नव्हे, तर आवर सुटलेल्या मज्जातंतूंचा परिणाम होय.

परंतु गाय आणि सरडा ह्यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. गाईस तूट पडते ती एकाएकी. तिची हाडे भरलेली असतात. सरड्यात मात्र ही तूट महिनोन्‌महिने साचत आलेली असते. रक्तातील कॅल्शियम किंचितही घसरले की परावटु ग्रंथी आपला स्राव वाढवितात आणि त्या स्रावाच्या प्रभावाने हाडांतील कॅल्शियम विरघळून रक्तात येते. त्यामुळे रक्ताची पातळी पुष्कळ काळ ठीक दिसते, आणि हाडे मात्र आतून पोकळ होत जातात. खालचा जबडा बोटाने दाबला असता रबरासारखा वाकतो, पाठीचा कणा वाकडा होतो, मांड्या जाड व सुजल्यासारख्या दिसतात. अननुभवी मालक त्यास प्राणी धष्टपुष्ट झाला असे समजतो. वास्तविक मऊ पडलेल्या हाडाभोवती तंतुमय पेशीजाल साठलेले असते. लहान मुलांतील मुडदुसाशी ह्याचे बरेच साम्य आहे. कंप दिसू लागतो तो हाडांचा साठाही अपुरा पडू लागला म्हणजे. म्हणून कंप हे आरंभीचे लक्षण नसून बऱ्याच उशिराचे आहे, आणि म्हणूनच त्याला थंडी समजून घालविलेला एकेक दिवस महाग पडतो.

ही तूट येते कोठून? एक कारण आहारात आहे. पिंजऱ्यातील सरड्यास रातकिडे आणि मीलवर्म ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या अळ्या खाऊ घालतात. कीटकांस हाडे नसतात. रातकिड्याच्या शरीरात कॅल्शियमच्या पाच-सात पट फॉस्फरस असतो. सरड्यास हवे असते ते ह्याच्या उलट, फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. म्हणून खाद्यकिड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची शुद्ध भुकटी भुरभुरून ते द्यावे लागतात. पाल्यापैकी पालक टाळलेला बरा, कारण त्यातील ऑक्झॅलिक अम्ल कॅल्शियम बांधून टाकते. मेथी किंवा शेवग्याचा पाला हा अधिक हिताचा, आणि शेवगा तर परसात फुकट मिळतो.

दुसरे कारण ह्याहून महत्त्वाचे. आहारात कॅल्शियम कितीही असले तरी ते आतड्यातून रक्तात येण्यास ड-३ जीवनसत्त्व लागते, आणि दिवाचर सरड्याच्या शरीरात ते मुख्यतः उन्हाने तयार होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा ‘ब’ पट्टा, म्हणजे सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, त्वचेतील एका स्निग्ध पदार्थावर पडले की त्याचे पूर्व-जीवनसत्त्वात रूपांतर होते, आणि अंगाच्या उष्णतेने त्याचेच पुढे ड-३ बनते. यकृत व वृक्क त्यास अखेरचे कार्यक्षम रूप देतात. हे जीवनसत्त्व तोंडावाटे देऊन भागेल काय, ह्याचा प्रयोग नेदरलँड्समधील संशोधकांनी ह्याच जातीच्या पिलांवर केला. इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जंबुपार किरण मिळालेल्या पिलांच्या रक्तातील जीवनसत्त्वाची पातळी केवळ आहारातून ते मिळालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. उन्हाची बरोबरी पुडीने झाली नाही.

आणि ह्या ‘ब’ पट्ट्यातील किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ मुळीच पार होत नाहीत. प्रकाश येतो, उष्णता येते, सरडा काचेमागे ऊन खात बसलेला दिसतो. पण ज्यासाठी तो उन्हात बसतो ती वस्तू काचेबाहेरच अडते. जंबुपार किरण देणारा दिवा लावला तरी त्याचे हे किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात, आणि दिवा मात्र पूर्वीसारखाच उजळ दिसत राहतो.

काचेची पेटी आणि दिवा ही पद्धत ज्या देशांत रूढ झाली तेथे ती योग्यच होती. डिसेंबरात लंडनचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. त्याच्या तिरप्या किरणांतील ‘ब’ पट्टा वातावरणातच गळून जातो. वाशीमची स्थिती निराळी आहे. सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरील ह्या जिल्ह्यात मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि २२ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातील सर्वांत लहान दिवशीही, मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो. त्या वेळी उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीहून किंचित आखूडच पडते. सावली उंचीहून आखूड असेल तर उन्हात ‘ब’ किरण पुरेसे आहेत, असे स्थूलमानाने समजावे. म्हणजे ज्या जिल्ह्यात वर्षाचा एकही महिना ह्या बाबतीत कोरडा नाही, तेथे शीत देशांकरिता लिहिलेली पुस्तके वाचून सरडा दिवाणखान्यातील काचेमागे ठेवावयाचा आणि अंगणातील ऊन वाया घालवावयाचे, असा हा प्रकार होतो. कुंपणावरच्या सरड्यास कोणी भुकटी देत नाही की दिवा लावीत नाही. पण त्याचा दिवस उघड्या उन्हात जातो आणि तो एकाच जातीच्या किड्यांवर जगत नाही.

मादीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. नर जवळ नसतानाही ती निष्फळ अंडी घालते. एका वेळी वीसेक अंड्यांच्या कवचास लागणारे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते. अंडी घालण्याच्या सुमारास मादी थरथरू लागली तर व्यालेल्या गाईची आठवण ठेवावी.

उपचाराच्या बाबतीत घरगुती प्रयोगांचा मोह आवरणे जरूर आहे. गोठ्यात गुरांच्या कॅल्शियमची बाटली असते; परंतु गुरांकरिता बनविलेल्या अशा अनेक द्रव औषधांत कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो, आणि सरड्यास तोच आधी जास्त झालेला आहे. घरात माणसांकरिता आणलेली ड-३ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी असते. ती मोठ्या माणसाने आठवड्यास एकदा घ्यावयाची. चारशे ग्रॅम वजनाच्या प्राण्यास तिचा अंशही मोजून देणे घरी शक्य नाही. अतिरेक झाला तर कॅल्शियम वृक्कात, रक्तवाहिन्यांत व हृदयाच्या स्नायूत साचते, आणि हा अपाय बहुधा भरून येत नाही. तंबाखूच्या डबीतील चुना म्हणजेही कॅल्शियमच, असा युक्तिवाद गावोगावी ऐकू येतो. तो विरी गेलेला चुना दाहक असतो, त्याने तोंड व अन्ननलिका भाजते. तो कदापि देऊ नये.

कॅल्शियमच्या खालोखाल ह्या जिल्ह्यात ध्यानात घ्यावयाचे कारण म्हणजे विषबाधा. वाशीम हा सोयाबीन, तूर व कपाशीचा मुलूख. श्रावण-भाद्रपदात शेतोशेत फवारणी चालू असते, आणि नेमके ह्याच दिवसांत धुऱ्यावर नाकतोडे मुबलक मिळतात. फुकटचे खाद्य म्हणून ते पकडून आणून सरड्यास घातले, तर त्यांच्या अंगातील कीटकनाशकही त्याच्या पोटात जाते. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ह्यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे मज्जातंतू व स्नायू ह्यांच्या सांध्यावरील एका विकराचे कार्य बंद पाडतात. स्नायूस आखडण्याचा संदेश पोहोचतो, पण तो पुसला जात नाही. परिणामी अंगभर फडफड, तोंडातून लाळ, मग लुळेपणा व श्वासरोध. हे विष माणसासही असेच मारते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विदर्भात सर्वांच्या स्मरणात आहे. कॅल्शियमच्या उणिवेचा कंप आठवड्यांनी वाढतो. विषाचा काही तासांत. आदल्या दिवशी ठणठणीत असलेला सरडा आज थरथरत व लाळ गाळत असेल, तर त्याने काल काय खाल्ले हे प्रथम विचारावे. गुरांवरील गोचीड मारण्याचे औषध सरड्याच्या अंगावरील कीड मारण्यासाठी लावणेही असेच घातक ठरू शकते.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतील. उष्णता सरड्यास हवी असते, पण त्यालाही मर्यादा आहे. त्याच्या अंगाचे पसंतीचे तापमान ३५ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते. बंद काचेची पेटी चैत्र-वैशाखाच्या उन्हात ठेवली तर ती काही मिनिटांतच भट्टी होते. प्राणी आ वासतो, धापा टाकतो व आचके देऊन मरतो. पिलांत ॲडेनोव्हायरस ह्या विषाणूचा संसर्ग आढळतो. त्यात अशक्तपणा व कंपाबरोबर मान एका बाजूस किंवा आकाशाकडे वळलेली राहते. ह्यावर औषध नाही. आजारी पिलू इतरांपासून दूर ठेवणे एवढेच हाती असते. पाण्याच्या तुटवड्याने वृक्के निकामी होऊनही कंप येतो, आणि उन्हाळ्यात ह्याचा विसर पडता कामा नये.

निदान केवळ पाहून होत नाही. हाडांचे क्ष-किरण चित्र आणि रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरसचे मोजमाप ह्यांवरच पशुवैद्य निर्णय करू शकतो. त्यातही रक्तातील एकूण कॅल्शियम फसवे ठरते, आयनरूप कॅल्शियम अधिक विश्वसनीय. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय न मिळाल्यास अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय येथे चौकशी करावी. जाताना प्राणी छिद्रे पाडलेल्या लहान खोक्यात, मऊ कापडावर ठेवावा. शेपटीस अगर एका पायास धरून उचलल्यास पोकळ झालेले हाड तेथेच मोडते. कंपाचे चलच्चित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो बहुधा थांबलेला असतो. कोणते किडे घातले, भुकटी कोणती, दिवा केव्हा आणला, पेटीच्या उष्ण व थंड टोकांचे तापमान किती, हे लिहून न्यावे. घोरपड, सरडगुहिरा ह्यांसारखे आपल्याकडील प्राणी मात्र पाळण्याकरिता पकडणे हा १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे; त्यांच्यावर असले प्रयोग करण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

निरोगी प्राण्यासाठी अंगणातील ऊन पुढीलप्रमाणे द्यावे. काचेऐवजी तारेच्या जाळीचा पिंजरा घ्यावा, त्याचा निम्मा भाग पोत्याने किंवा पळसाच्या पानांनी झाकून सावली करावी, आत पाण्याची थाळी ठेवावी आणि मांजर व कावळ्यापासून राखण करावी. हिवाळ्यात अकरा ते दोन ही वेळ योग्य. वैशाखात सकाळी आठ-साडेआठला अर्धा तास पुरतो आणि नऊनंतर प्राणी घरात घ्यावा. पावसाळ्यात आभाळ आठवडाभर भरून राहिले तर दिव्यावाचून गत्यंतर नाही. ज्याच्या हाडांत विकार शिरला आहे, त्याचा कंप योग्य उपचाराने काही दिवसांत थांबू शकतो. हाडे भरण्यास मात्र महिने लागतात, आणि जो पाय एकदा वाकडा जुळून आला तो पुढे बहुधा तसाच राहतो.